गट, खाते आणि फेरफार : नाशिकच्या दप्तरातील जोडणीचा इतिहास

वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या हेतूंनी आणि बहुधा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी एकत्र आणून त्यांतून एका प्रश्नाचे उत्तर काढण्याची कला संगणकासोबत जन्माला आलेली नाही. संगणकशास्त्रात ज्याला ‘जॉइन’ म्हणतात, म्हणजे दोन तक्त्यांतील ज्या ओळींमध्ये एखादी किंमत समान आहे त्या ओळी परस्परांना जोडून नवा तक्ता तयार करण्याची क्रिया, ती नाशिक जिल्ह्यातील तलाठ्याच्या आणि त्याच्याही आधी कुलकर्ण्याच्या रोजच्या कामाचा भाग होती. एखाद्या शेतकऱ्याकडे एकूण किती जमीन आहे, त्यातली कोणती वडिलोपार्जित आणि कोणती खरेदीची, तीत यंदा काय पेरले आहे आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे, या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही एका वहीत पूर्ण सापडत नसे. ते चार वह्या उघडून, त्यांतील समान क्रमांकांचा माग काढतच मिळवावे लागे. ही जोडणी कशावर टेकलेली असते आणि ती कोठे तुटते, हे या जिल्ह्याच्या दप्तरात फार स्पष्ट दिसते.

नाशिकमधील सर्वांत जुनी आणि आजही वापरात असलेली अशी व्यवस्था सरकारी नाही. ती रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांची आहे. पंचवटीतील क्षेत्रोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वह्यांत गोदावरीस्नानासाठी, श्राद्धासाठी किंवा सिंहस्थात आलेल्या यजमानाचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले आणि मूळ गाव लिहून घेतले जाते, खाली यजमानाची स्वाक्षरी असते आणि जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. नवा यजमान आला की त्याला आडनाव, गाव आणि जात विचारली जाते, त्यावरून तो कोणत्या उपाध्यायांचा हे ठरते आणि मग अनुक्रमणिकेतून त्याच्या पूर्वजांचे पान निघते. कुटुंब मराठा सरदारांबरोबर ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोद्याला जाऊन स्थिरावले असले तरी मूळ गाव बदलत नाही, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या नोंदीची सांधेजोड होऊ शकते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : केवळ नावावर ही व्यवस्था कधीच विसंबली नाही. नावे पिढीआड परत येतात, एकाच आडनावाची शेकडो घराणी असतात, म्हणून आडनाव, गाव आणि जात या तिन्हींचा मिळून एक ओळखदर्शक तयार केला गेला. आजच्या भाषेत याला ‘संयुक्त की’ म्हणतात. ‘की’ म्हणजे तक्त्यातील प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखू देणारा रकाना किंवा रकान्यांचा समूह.

मराठेशाहीतील गावदप्तरात जमिनीची नोंद दोन बाजूंनी होत असे. थळझाड्यात गावातील शेतजमिनीचे थळ, म्हणजे स्वतंत्र नाव असलेले शेत किंवा शेतांचा समूह, आणि ते कोणाकडे आहे हे लिहिलेले असे, तर कुळझाड्यात कुळांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या धारकांच्या, नावांनुसार त्यांच्याकडील जमीन व देणे मांडलेले असे. पहिली यादी जमिनीकडून माणसाकडे जाते, दुसरी माणसाकडून जमिनीकडे, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच गावाची जमाबंदी खरी ठरते. परंतु या दोन याद्यांना जोडणारा दुवा होता तो माणसाचे आणि शेताचे नाव, आणि नाव हा दुवा कच्चा असतो. एकाच कुळाचे नाव एका कागदात ‘पांडुरंग बिन तुकाराम’ तर दुसऱ्यात ‘पांडू तुका’ असे पडे, आडनाव पुष्कळदा लिहिलेच जात नसे, आणि शेताची वाटणी झाली तरी थळाचे नाव जुनेच राही. मेळ बसवण्यासाठी लागणारे ज्ञान कागदावर नसून वतनदार कुलकर्ण्याच्या स्मरणात असे, आणि त्याच्या वतनाचे बळ बऱ्याच अंशी त्यातच होते.

या व्यवस्थेत मूलभूत बदल झाला तो इंग्रजी अमलातील मोजणीने. १८३५–३६ मध्ये पुणे भागातील इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केलेली मोजणीची पद्धत १८४० आणि १८४७ च्या संयुक्त अहवालांनी निश्चित झाली आणि त्याच दशकात ती आजच्या नाशिक जिल्ह्याच्या प्रदेशात आली. तेव्हा हा मुलूख अहमदनगर आणि खानदेश यांच्यात विभागलेला होता, स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. तेहतीस फुटांची साखळी, तिच्या एका चौरसाचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक तेव्हापासून शेतकऱ्याच्या तोंडी बसले. मात्र मोजणीचे सर्वांत टिकाऊ फळ क्षेत्रफळ नव्हे, तर क्रमांक होय. गावातील प्रत्येक शेताला हद्दीचे दगड आणि त्यासोबत एक सर्व्हे नंबर मिळाला, आणि धारक मेला, जमीन विकली गेली किंवा शेताचे नाव विसरले गेले तरी तो नंबर तसाच राहील अशी योजना झाली. माणसांच्या आयुष्यापासून स्वतंत्र असा, अर्थहीन पण स्थिर दुवा प्रथमच दप्तरात आला. तक्त्यांना जोडणाऱ्या चांगल्या क्रमांकाचे लक्षण आजही हेच सांगितले जाते.

जिल्हाभर हा बदल सारखा झाला नाही. पूर्वेकडील देशावरील गावांतील काळ्या जमिनीला जी रीत सहज लागू पडली ती पश्चिमेकडील डांगी गावांत, जेथे वरकस जमीन काही वर्षे कसून पुढे पडीक ठेवावी लागे, तितकी सोपी नव्हती. शिवाय पेठ संस्थान १८७८ मध्ये खालसा झाले आणि सुरगाणा संस्थान १९४८ पर्यंत वेगळे राहिले, त्यामुळे आज एकाच जिल्ह्यात मोडणाऱ्या तालुक्यांचे मूळ अभिलेख एका वयाचे आणि एका घडणीचे नाहीत. जिल्ह्याचा एकत्र तक्ता पाहताना हे विस्मरणात जाते.

सर्व्हे नंबराने जमीन ओळखता आली, पण तिच्यावर खरा हक्क कोणाचा हे कळत नव्हते, कारण सरकारी वहीत केवळ सारा भरण्यास जबाबदार असलेल्या खातेदाराचे नाव असे, आणि प्रत्यक्षात वाटणी, गहाण, विक्री व वारसा यांनी ती जमीन कधीच दुसऱ्यांच्या हाती गेलेली असे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ चा मुंबई अधिकार अभिलेख कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्यातील तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. यातून फेरफाराची वही उभी राहिली. हक्कात झालेला प्रत्येक बदल तलाठी आधी या वहीत क्रमाने लिहितो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच जमिनीच्या पत्रकावर नवे नाव चढते. हस्तलिखित पत्रकात त्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिला जाई आणि जुने नाव खोडले न जाता कंसात जाई. त्या वर्तुळातील क्रमांकाचे महत्त्व फार मोठे आहे. तो पत्रकावरील आजच्या स्थितीला तिच्या कारणाशी जोडतो, आणि एकामागून एक फेरफार काढत गेले की जमिनीचा शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि तलाठी हा पगारी शासकीय नोकर झाला, तेव्हा स्मरणाची जागा या क्रमांकांनी जवळजवळ पूर्णपणे घेतलेली होती.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली आणि १९७१ च्या नियमांखाली हे दप्तर एकवीस गाव नमुन्यांत बांधले गेले. नमुना १ म्हणजे आकारबंद, त्यात प्रत्येक भूमापन क्रमांकाचे क्षेत्र व आकार, म्हणजे सारा. नमुना ६ म्हणजे फेरफार. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, म्हणजे त्या जमिनीचे धारक आणि इतर हक्क. नमुना ८ अ म्हणजे खातेवही, म्हणजे एका खातेदाराच्या सर्व जमिनींची यादी. नमुना १२ म्हणजे पिकांची वही. सातवा आणि बारावा एका कागदावर छापला गेला म्हणून त्याला सातबारा हे नाव पडले, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात याहून अधिक परिचित असा जोडलेला तक्ता दुसरा नाही. सातवरून बाराकडे जाण्याचा दुवा गट क्रमांक (एकत्रीकरणात सर्व्हे नंबराच्या जागी आलेला क्रमांक), सातवरून आठ-अकडे जाण्याचा खाते क्रमांक आणि सातवरून सहाकडे जाण्याचा फेरफार क्रमांक, अशी ही तीन सूत्रांची वीण आहे. कोणतीही माहिती शक्यतो एकदाच, एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा, हे तत्त्व त्यात पुरते पाळलेले नसले तरी ओळखलेले आहे.

याच तत्त्वाला गणिती रूप मिळाले ते १९७० मध्ये. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की माहितीचे मोठे साठे तक्त्यांच्या रूपात ठेवावेत, तक्त्यांमधील संबंध हे साठवणुकीच्या यांत्रिक वाटांनी नव्हे तर समान किमतींनी व्यक्त व्हावेत, आणि प्रश्न विचारणाऱ्याला माहिती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. त्यापूर्वीच्या पद्धतींत एका नोंदीतून दुसरीकडे जाण्याचा मार्ग कार्यक्रम लिहिणाऱ्याला स्वतः आखावा लागे. कॉड यांच्या कल्पनेवर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये प्रश्नभाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली, आणि १९९२ च्या प्रमाणकाने ‘जॉइन’ हा शब्द तिच्या व्याकरणात स्पष्टपणे आणला.

तलाठी दप्तराच्या आधाराने ही भाषा चांगली समजते. ‘सिलेक्ट’ या शब्दानंतर कोणते रकाने हवेत ते सांगायचे, ‘फ्रॉम’नंतर पहिला तक्ता, ‘जॉइन’नंतर दुसरा आणि ‘ऑन’नंतर दोघांना जोडणारी अट. नमुना ७ चा तक्ता नमुना १२ च्या तक्त्याशी गट क्रमांक समान असण्याच्या अटीवर जोडला की कोणत्या धारकाच्या जमिनीत कोणते पीक आहे हे मिळते. पण केवळ गट क्रमांक पुरेसा नाही, कारण गट क्रमांक १२५ जिल्ह्यातील शेकडो गावांत असतो. आणि गावाचे नावही पुरेसे नाही, कारण नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे तसे पिंपळगाव बहुलाही आहे, वडनेर भैरव आहे तसे वडनेर दुमालाही. जिल्हा, तालुका, गाव, गट आणि हिस्सा या पाचांची मिळून अट घातली तरच जोड खरी ठरते. अट अपुरी राहिली तर यंत्र तक्रार न करता चुकीच्या ओळी जोडते, आणि हाच या तंत्रातील सर्वांत मोठा धोका आहे.

जोडीचे प्रकारही समजून घेणे आवश्यक आहे. साध्या, म्हणजे अंतर्गत जोडीत दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच उरतात, म्हणून ज्या गटाची पीक पाहणी झालेलीच नाही तो गट उत्तरातून निःशब्दपणे गळतो. डावी बाह्य जोड वापरली तर पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी राहतात आणि जुळणी न सापडलेल्या जागी ‘नल’, म्हणजे माहिती नाही असे दर्शवणारी खूण, येते. निफाड तालुक्यातील एखाद्या गावात पिकाची नोंद न झालेले गट किती, हा प्रश्न पहिल्या जोडीने सुटतच नाही, दुसरीने सुटतो. याहून फसवी चूक बेरजेची आहे. समजा दोन हेक्टरांचा एक गट तिघा भावांच्या सामाईक नावावर आहे आणि त्यात खरिपात सोयाबीन व रब्बीत कांदा घेतला आहे. धारकांचा तक्ता पिकांच्या तक्त्याशी गट क्रमांकावर जोडला की तीन गुणिले दोन अशा सहा ओळी होतात, प्रत्येक ओळीत गटाचे दोन हेक्टर पुन्हा येतात, आणि त्या रकान्याची बेरीज बारा हेक्टर होते. जमीन सहापट वाढली असे दाखवणाऱ्या या प्रश्नात व्याकरणाची एकही चूक नसते. चूक असते ती क्षेत्र हे गटाचे आहे, धारकाचे किंवा पिकाचे नाही, हे विसरण्यात. अनुभवी तलाठी हे कधी विसरत नसे, कारण त्याच्या डोळ्यांसमोर शेत असे.

क्रमांकांची ही वीण सर्वांत मोठ्या प्रमाणात विस्कटली ती एकत्रीकरण योजनेत. जमिनीचे तुकडे पडणे थांबवून विखुरलेले तुकडे एकत्र करण्यासाठी १९४७ चा कायदा झाला आणि त्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. हेतू शेतीच्या हिताचा होता, पण दप्तराच्या दृष्टीने शतकभर स्थिर राहिलेला दुवा बदलला गेला. कधी अनेक सर्व्हे नंबरांचे तुकडे मिळून एक गट झाला, कधी एका सर्व्हे नंबराचे अनेक गट झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्याची सरळ एकास-एक जुळणी उरली नाही. त्यांच्यामधला पूल म्हणजे योजनेचे उतारे, ज्यांना महसूल कचेरीत आजही ९(३), ९(४) चा उतारा असे म्हणतात. ज्या गावाचा हा उतारा जीर्ण झाला किंवा हरवला तेथील १९३० चा फेरफार आजच्या सातबाऱ्याशी जोडणे अतिशय कठीण होते. संगणकशास्त्रात दोन तक्त्यांतील अनेकास-अनेक संबंध सांभाळण्यासाठी तिसरा जोड-तक्ता ठेवतात. एकत्रीकरणाचा उतारा हा तसाच तक्ता आहे आणि सातबाऱ्याइतकीच त्याची निगा राखायला हवी होती, ती सर्वत्र राखली गेली नाही.

भूमी अभिलेख संगणकावर आणण्याची केंद्रीय योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातील वर्धा होता. नाशिकसह इतर जिल्हे पुढे आले. हस्तलिखित सातबारा टंकून घेताना जुन्या चुका तशाच आल्या आणि काही नव्या पडल्या. परंतु हातातील वहीने जे झाकले होते ते तक्त्यांच्या जोडणीने उघडे केले. नमुना ७ वरील गटाचे एकूण क्षेत्र आणि त्याच गटावरील खातेदारांच्या नावांसमोरील क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, आकारबंदातील क्षेत्र वेगळे आहे, एकाच माणसाची एकाच गावात दोन-तीन खाती आहेत, वर्तुळातील फेरफार क्रमांक फेरफारांच्या वहीत सापडत नाही, असे दोष यंत्राने यादी करून दाखवले. मग एडिट आणि री-एडिट ही दुरुस्तीची कामे निघाली, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकीकृत सातबारा ग्रामस्थांसमोर वाचून हरकती घेतल्या गेल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने नमुना १२ मधील नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली. अलीकडे भूखंडाला अकरा अंकी भू-आधार क्रमांक देण्यात आला असून, तो गाव आणि गट यांच्या संयुक्त ओळखीची जागा घेऊ पाहतो.

मात्र जो तक्त्यात नाही त्याला कोणतीही जोड आणू शकत नाही, आणि नाशिकच्या दप्तरात ही उणीव प्रामुख्याने स्त्रियांची आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच जिल्ह्यातील चांदवड येथे भरले, आणि त्यानंतर संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी चालवलेल्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतील वाटा पत्नीच्या नावे करावा असे आवाहन झाले. द्राक्षबागेत आणि कांद्याच्या चाळीत राबणाऱ्या बाईचे नाव खातेवहीत नसेल तर पीक कर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई यांच्या याद्या, ज्या सर्व खाते क्रमांकावरून काढल्या जातात, तिला वगळूनच तयार होतात. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हक्क दिला, तरी वारसाचा फेरफार करताना बहिणींची नावे लावली गेली नाहीत तर पुढच्या प्रत्येक तक्त्यात त्या अनुपस्थितच राहतात. तंत्र कितीही नेमके झाले तरी ही चूक मूळ नोंदीतच सुधारावी लागेल, आणि ती सुधारणे हे क्षेत्राची बेरीज जुळवण्याहून निकडीचे काम आहे.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजातील अर्जदारांना कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या जोडणीची गरज पुन्हा एकदा समोर आली. जन्म-मृत्यूचा नमुना १४, कोतवाल बुक, शाळेची जनरल रजिस्टरे आणि मोडीतील महसुली कागद यांतून नोंदी निघाल्या, पण निघालेली नोंद आजच्या अर्जदाराची आहे हे ठरवण्यासाठी वंशावळ लागते, म्हणजे नावांची अखंड साखळी. या कागदांवर गट क्रमांक किंवा खाते क्रमांक बहुधा नसतो. गाव, बापाचे नाव आणि आडनाव एवढ्यावरच जुळणी करावी लागते, जी रीत रामकुंडावरच्या वह्यांनी आधीच सिद्ध केलेली होती. तिला यंत्राची मदत होऊ शकते, पण मोडी वाचणाऱ्या माणसावाचून ती पुढे सरकत नाही, आणि अशी माणसे थोडी आहेत.

नाशिकच्या शेतकरी कुटुंबांनी आपल्या नोंदी तपासण्यासाठी शासनाची वाट पाहू नये. आपला आठ-अ आणि त्यातील प्रत्येक गटाचा सातबारा समोरासमोर ठेवून क्षेत्रांची बेरीज स्वतः करावी, सातबाऱ्यावर क्रमांक दिलेला प्रत्येक फेरफार काढून पाहावा, गाव एकत्रीकरणाचे असल्यास योजनेच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत घरात ठेवावी, आणि लेखनातील चूक आढळल्यास महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा.